लाईट गेली, हॉटस्पॉट लावलं, मग फायरवॉलचं काय? नेटवर्क प्रोफाईल आपोआप लागायच्या अटी कशा लावायच्या

लातूर, बीड, परभणी, हिंगोली, आपल्याकडं कुठंही बघा, दुकानातला नाहीतर सेवा केंद्रातला लॅपटॉप दिवसभर एका नेटवर्कवर राहतच नाही. सकाळी ऑफिसचं वायफाय, लाईट गेली की राउटर बंद आणि मोबाईलचं हॉटस्पॉट चालू, पीकविम्याचा सीझन असला की दुपारी गावात शिबिर आणि तिथं ग्रामपंचायतीचं नाहीतर कुणाच्या तरी मोबाईलचं नेट, रात्री घरी. लॅपटॉप तोच, त्यातला शेअर केलेला फोल्डर तोच, त्या फोल्डरमध्ये लोकांचे आधार, सातबारा, पासबुकचे फोटो, जातीचे दाखले सगळं तेच. त्याच नेटवर्कवर शेजारी कोण जोडलेलं आहे ते मात्र दर दोन तासाला बदलायलंय. ऑफिसात तो फोल्डर शेजारच्या कॉम्प्युटरला दिसलाच पाहिजे, नाहीतर काम अडतं. शिबिरात तो कुणालाच दिसला नाही पाहिजे. हे दोन्ही एकाच सेटिंगनं होत नाही, आणि दर वेळी हातानं बदलायचं म्हणलं तर गर्दीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

म्हणून सिक्युरिटी सॉफ्टवेअरमध्ये नेटवर्क कनेक्शन प्रोफाईल असतात, आणि कोणतं प्रोफाईल कधी लागायचं त्याच्या अटी आपल्याला ठरवता येतात. बहुतेक लोक ही सोय वापरतच नाहीत, आणि जे वापरतात ते नुसतं वायफायचं नाव टाकून मोकळे होतात, जे माझ्या मते काहीच न टाकण्यापेक्षा वाईट आहे. का ते खाली सांगतो.

आधी प्रोफाईल म्हणजे काय ते थोडक्यात. तुमचा कॉम्प्युटर नेटवर्कवर बाकीच्यांना कितपत दिसावा आणि कितपत उघडा असावा त्याचा एक ठरलेला संच. विंडोजमध्ये पब्लिक, प्रायव्हेट आणि डोमेन असे तीन असतात. डोमेनवालं मोठ्या ऑफिसात जिथं डोमेन सर्व्हर असतो तिथं आपोआप लागतं, ते आपण हातानं लावू शकत नाही, त्यामुळं दुकानवाल्यांनी ते डोक्यातून काढून टाकायचं. राहिले दोन. पब्लिकमध्ये कॉम्प्युटर लपतो, बाहेरून आलेली जोडणी नाकारतो, पण तुमचं इंटरनेट, व्हॉट्सअ‍ॅप, पोर्टल सगळं नेहमीसारखं चालतं. प्रायव्हेटमध्ये फाईल शेअरिंग, प्रिंटर, एकमेकांना दिसणं हे चालू होतं. सिक्युरिटी सॉफ्टवेअरमध्ये हेच दोन तयार मिळतात आणि त्याशिवाय आपलं स्वतःचं प्रोफाईल बनवता येतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या कारण इथं लई जणांचा घोळ होतो. सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा स्वतःचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची जोडणी आत सोडायची का अडवायची ते ठरवणारा पहारेकरी, चालू असेल तर विंडोजचा फायरवॉल बाजूला होतो. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही पब्लिकचं प्रायव्हेट केलं तरी दार उघडायचं का नाही ते सिक्युरिटी सॉफ्टवेअर ठरवणार. त्याला तुम्ही सांगून ठेवलं असेल की विंडोज काय म्हणतंय ते बघ, तरच ते ऐकतं. प्रिंट निघंना म्हणून विंडोजमध्ये प्रायव्हेट करून करून लोक थकतात आणि शेवटी अख्खा फायरवॉलच बंद करून टाकतात, मग तो तसाच बंद राहतो, महिनोन्‌महिने.

मी इथं ईसेट (ESET) नावाच्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरची पद्धत धरून सांगतो, कारण त्यात या अटी सरळ दिसतात आणि त्यांना तिथं अ‍ॅक्टिव्हेटर म्हणतात. दुसरं काही वापरत असाल तरी विचार तोच लागू होतो, मेनूची नावं वेगळी असतील इतकंच. फायरवॉल असलेली आवृत्ती मात्र पाहिजे, नुसत्या अँटीव्हायरसमध्ये हे नसतं. प्रोग्राम उघडून एफ ५ दाबलं की अ‍ॅडव्हान्स्ड सेटअप उघडतो, त्यात प्रोटेक्शन्स, त्यात नेटवर्क अ‍ॅक्सेस प्रोटेक्शन, आणि तिथं नेटवर्क कनेक्शन प्रोफाईल्स. जुन्या आवृत्तीत हे वेगळ्या नावानं होतं, तर शक्यतो अपडेट करूनच बसा.

पहिलं काम, काहीच जुळलं नाही तर काय

अटी लिहायच्या आधी हे ठरवा, की अनोळखी नेटवर्क आलं तर कोणतं प्रोफाईल लागणार. उत्तर एकच, पब्लिक. यात चर्चाच नाही. प्रोफाईल कसं द्यायचं त्यासाठी तिथं साधारण तीन पर्याय असतात, एक आपोआप म्हणजे अटी बघून, दुसरा विंडोज सांगेल तसं, आणि तिसरा म्हणजे दर वेळी वापरणाऱ्याला विचारून. विचारून वाला पर्याय ऐकायला बरा वाटतो पण ज्या कॉम्प्युटरवर दोन-तीन ऑपरेटर बसतात तिथं तो ठेवू नका. समोर दहा माणसांची रांग, हातात कागदं, सर्व्हर हळू चालायलाय, आणि त्यात मधेच खिडकी आली तर ऑपरेटर वाचत नाही, जे बटण हाताखाली येईल ते दाबतो. त्यात त्याची चूक नाही, तो प्रश्न त्याला विचारायलाच नको होता. तेव्हा आपोआपवर ठेवा आणि अटी आपण पक्क्या लिहू.

नेटवर्कची ओळख काढून घ्या

अट लिहायची म्हणजे तुमच्या ऑफिसचं नेटवर्क ओळखायचं कशावरून ते सांगायचं. त्यासाठी आधी माहिती गोळा करा. ऑफिसच्या नेटवर्कवर असताना कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे ती काळी खिडकी उघडा, त्यात आयपीकॉन्फिग लिहून एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि ऑल (ipconfig /all), आणि एंटर. लांबलचक यादी येते, तिला घाबरू नका. तुम्ही आत्ता ज्यावर जोडलेले आहात तो भाग शोधा, वायफाय असेल तर वायरलेस लॅन, वायर असेल तर इथरनेट, आणि त्यातून डिफॉल्ट गेटवे (म्हणजे बाहेर जायचं दार, घरगुती नेटवर्कवर राउटरच), डीएचसीपी सर्व्हर (कॉम्प्युटरांना आयपी पत्ते वाटणारा), डीएनएस सर्व्हर (वेबसाईटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा) एवढं वहीत उतरवा. फायबरवर बऱ्याचदा गेटवेच्या जागी एक लांब पत्ता दिसतो, एफ ई ८० नं सुरू होणारा, तो आयपीव्ही ६ चा आहे, त्याच्या खाली साधा चार आकड्यांचा पत्ता असतो तो घ्या. घरगुती राउटरवर तो बहुतेक १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१ निघतो.

आणि नेमकी तीच अडचण आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कुणाच्याच मालकीचे नसतात, खाजगी नेटवर्कसाठी १९९६ पासून राखून ठेवलेले आहेत, कुणीही वापरावे. तुमच्या दुकानात १९२.१६८.१.१ आहे तसा तो समोरच्या मेडिकलमध्येही आहे, बसस्टँडसमोरच्या लॉजवरही आहे आणि तुमच्या पाहुण्याच्या घरीही आहे. तेव्हा गेटवेचा नुसता आयपी पत्ता अट म्हणून टाकला तर निम्म्या गावाचं वायफाय तुमचं ऑफिस होऊन बसतं. तीच गत आयपी रेंजची, तीच डीएचसीपी सर्व्हरच्या पत्त्याची, कारण घरगुती राउटरमध्ये गेटवे आणि डीएचसीपी दोन्ही तेच खोकं असतं.

जगात वेगळी निघेल अशी गोष्ट म्हणजे त्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे कंपनीनं त्या यंत्राला दिलेला त्याचा स्वतःचा नंबर. तो काढायला त्याच काळ्या खिडकीत आधी पिंग लिहून पुढं गेटवेचा आयपी टाका, दोन-चार उत्तरं येऊ द्या, मग एआरपी लिहून जागा सोडून आडवी रेघ आणि ए (arp -a). यादीत गेटवेच्या आयपीसमोर अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्यांची साखळी दिसेल. तो तुमच्या राउटरचा मॅक. जसाच्या तसा कॉपी करून घ्या, हातानं उतरवू नका, एक अक्षर चुकलं की अट कधीच जुळत नाही आणि मग दोष सॉफ्टवेअरला जातो.

वायफायचा अजून एक मॅक असतो, बीएसएसआयडी म्हणतात त्याला. तो म्हणजे हवेत सिग्नल सोडणाऱ्या रेडिओचा पत्ता. काही सॉफ्टवेअरमध्ये त्यावर अट लावता येते, पण लावू नका असं मी सांगीन. ड्युअल बँड राउटर असेल तर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे बीएसएसआयडी वेगवेगळे निघतात, मागच्या खोलीत रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढं पोचवणारं खोकं, लावला की तिसरा, आणि लॅपटॉप फिरता फिरता एकावरून दुसऱ्यावर जातो. गेटवेचा मॅक मात्र या सगळ्यात तोच राहतो. वायरनं जोडलं तरी बहुतेक राउटरमध्ये तोच येतो. अपवाद एकच, तो रिपीटर राउटर मोडवर चालत असेल तर तो स्वतःच नवा गेटवे होऊन बसतो, मग त्याला आधी साध्या रिपीटर किंवा अ‍ॅक्सेस पॉईंट मोडवर टाका, नाहीतर तिकडच्या खोलीतून प्रिंटर तसाही सापडणार नाही.

वायफायच्या नावावर भरवसा का ठेवायचा नाही

आता नावाचं. वायफायचं नाव ही कुणीही ठेवू शकतो अशी गोष्ट आहे. त्याला परवानगी लागत नाही, कुठं नोंद लागत नाही. ऑफिस, शॉप, कॉम्प्युटर्स, नाहीतर देवाचं नाव, एका गल्लीत एकाच नावाची दोन वायफाय सहज सापडतात. पण त्याच्याही पुढचं म्हणजे मुद्दाम ठेवलेलं नाव. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला मी तुमच्या दुकानाच्या वायफायचं नाव आणि तोच पासवर्ड दिला, तर तुमच्या लॅपटॉपला त्या दोघांत फरक कळत नाही, ज्याचा सिग्नल जवळचा त्याला तो स्वतःहून जाऊन चिकटतो. आणि पासवर्ड माहिती कसा होणार म्हणाल तर आपल्याकडं तो भिंतीवर चिकटवलेला असतो, नाहीतर काऊंटरवर कुणी मागितला की आपणच सांगतो. पाणी मागितलं तर नाही म्हणत नाही तसंच वायफायचं झालंय.

तेव्हा अट जर नुसत्या नावाची असेल, तर ते नाव घेऊन कुणीही आलं की तुमचा फायरवॉल त्याच्यासाठी शेअरिंगचं दार स्वतः उघडून देतो. अट नसती तर निदान पब्लिक लागलं असतं. म्हणून वर म्हणलं की नुसतं नाव टाकणं हे काहीच न टाकण्यापेक्षा वाईट.

हे किती गंभीर आहे ते २०१७ च्या मे महिन्यात सगळ्या जगानं बघितलंय. वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या एका भगदाडातून, म्हणजे पोर्ट ४४५ वरून (पोर्ट म्हणजे जोडणी आत यायचं नंबर असलेलं दार), एका कॉम्प्युटरवरून त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्यावर आपोआप पसरला, कुणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टनं त्याचं पॅच, म्हणजे ते भगदाड बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच दिलं होतं पण लाखो कॉम्प्युटरवर ते टाकलेलं नव्हतं. प्रायव्हेट प्रोफाईल लागलं की हेच शेअरिंगचं दार उघडतं. ते कुणासाठी उघडतंय ते ठरवणं म्हणजेच ही अट.

आता कुणी म्हणेल की मॅकची पण नक्कल करता येते. येते, खरंय. ज्याला येतं तो करेल. पण नाव ठेवायला कुणालाही दोन मिनिटं पुरतात, मॅकची नक्कल करायला माणूस आधी तुमच्या नेटवर्कच्या जवळ येऊन तो बघून गेलेला असावा लागतो आणि साध्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ते होतही नाही. मोठं ऑफिस असेल, पतसंस्था असेल, जिथं एक कॉम्प्युटर कायम सर्व्हर म्हणून चालू असतो, तिथं याच्याही वरची अट असते. नेटवर्कवर एक ठरलेला सर्व्हर असतो आणि तुमचा कॉम्प्युटर किल्लीच्या जोडीनं त्याची ओळख तपासतो, ओळख पटली तरच प्रोफाईल लागतं. ईसेटमध्ये ती ऑथेंटिकेशन नावानं आहे. ती खरोखर पक्की आहे, आणि जिथं लोकांच्या ठेवींचे हिशोब आहेत तिथं तो खर्च आणि ती मेहनत करावी. चार कॉम्प्युटरच्या दुकानाला गेटवेचा मॅक पुरे.

एकच अट पुरे का सगळ्या जुळल्या पाहिजेत

ही सगळ्यात महत्त्वाची जागा आहे, इथं घाई करू नका. लोकांना वाटतं जितक्या जास्त अटी टाकल्या तितकं पक्कं. नाव पण टाकलं, गेटवे पण टाकला, डीएनएस पण टाकला, झालं, आता कोण येतंय आत. पण ईसेटमध्ये एका प्रोफाईलला अनेक अ‍ॅक्टिव्हेटर दिले तर त्यातला कोणताही एक जुळला तरी प्रोफाईल लागतं. म्हणजे तुम्ही मॅकची पक्की अट टाकली आणि सोबत नावाचीही टाकली, तर नकली हॉटस्पॉटवाल्याला फक्त नाव जुळवायचंय, मॅकची अट त्याला आडवी येतच नाही. प्रत्येक नवी अट म्हणजे आत यायचा एक नवा रस्ता. अटी वाढवल्या की सैल होतं, घट्ट होत नाही.

म्हणून ऑफिससाठी आपलं स्वतःचं प्रोफाईल बनवा, त्याला एकच अ‍ॅक्टिव्हेटर द्या आणि तो गेटवेचा द्या, त्यात मॅकचा रकाना भरलेलाच पाहिजे. दुसरी शाखा असेल, समजा मेन दुकान अंबाजोगाईला आणि दुसरं केजला, तर दुसऱ्या राउटरच्या मॅकचा दुसरा अ‍ॅक्टिव्हेटर टाका, तिथं एक जुळला तरी पुरे हीच गोष्ट आपल्या कामाला येते, कारण दोन्ही अटी तितक्याच पक्क्या आहेत. दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या अटी एकदम जुळाव्या लागत असतील तर तिथं नाव आणि मॅक दोन्ही टाकायला हरकत नाही. तुमच्यात कोणती पद्धत आहे ते मदतीच्या पानात वाचा आणि वाचलं तरी खाली सांगितल्यासारखं तपासून बघा.

यादीतला क्रमही बघा. प्रोफाईल वरून खाली तपासले जातात आणि पहिलं जे जुळेल ते लागतं. नेमक्या अटीचं प्रोफाईल वर, ढोबळ अटीचं खाली, बाणांनी वर-खाली करता येतं.

हॉटस्पॉट आणि यूएसबीची वायर

लाईट जाण्याची गोष्ट इथं येते. राउटरला इन्व्हर्टर नसला की तो बंद होतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, आणि माणूस मोबाईलचं हॉटस्पॉट लावून काम पुढं रेटतो. या हॉटस्पॉटसाठी वेगळं प्रोफाईल पाहिजे का? नको. तुम्हाला त्यावर फक्त इंटरनेट पाहिजे, शेअरिंग नको, आणि पब्लिकमध्ये इंटरनेट चालतंच. हॉटस्पॉटला कुठलीच अट न लावणं हीच त्याची बरोबर सेटिंग. तसंही आजकालचे अँड्रॉईड फोन हॉटस्पॉटचे पत्ते बदलत राहतात, जुन्या अँड्रॉईडमध्ये कायम १९२.१६८.४३ ची मालिका असायची तशी आता राहिली नाही. आयफोनचा मात्र १७२.२०.१०.१ ठरलेला असतो, पण तो जगातल्या सगळ्या आयफोनचा तोच, म्हणून त्यावर भरवसा ठेवून उपयोग नाही.

यात एक जागा अशी आहे की चांगल्या चांगल्या माणसांच्या लक्षात येत नाही. अटींमध्ये एक प्रकार असतो अडॅप्टरचा, म्हणजे जोडणी वायरची आहे का वायफायची. आपल्याला वाटतं वायर म्हणजे ऑफिसच, बाहेर कोण वायर लावायलंय, म्हणून वायर असेल तर ट्रस्टेड, म्हणजे भरवशाचं, अशी अट लोक टाकतात. पण अँड्रॉईड मोबाईल यूएसबीच्या वायरनं जोडून नेट घेतलं, म्हणजे यूएसबी टेदरिंग केलं, की विंडोजला तो मोबाईल इथरनेट म्हणूनच दिसतो. आपल्याकडं लाईट गेल्यावर बरेच जण मुद्दाम वायरनं जोडतात, मोबाईल चार्ज पण होतो म्हणून. मग वायर म्हणजे ऑफिस या अटीनं मोबाईलचं नेट ऑफिस ठरतं. रेल्वेच्या डब्यात नाहीतर लॉजवर कुणी तीच वायर लावली तरी तेच. अडॅप्टरच्या प्रकारावर ट्रस्टेडची अट कधीच लावू नका. उलटी लावता येते, म्हणजे अमुक प्रकार असेल तर पब्लिकच, पण पब्लिक हे तसंही मागं उभंच आहे.

हेड ऑफिसच्या सर्व्हरला व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी बंद रस्त्यानं, जोडत असाल तर ते व्हीपीएन वेगळं अडॅप्टर आणि वेगळी जोडणी म्हणून दिसतं, त्याला स्वतःचं प्रोफाईल मिळतं. खालचं हॉटस्पॉट पब्लिक आणि वरचं व्हीपीएन तुमच्या प्रोफाईलवर, असं दोन्ही एकदम चालू शकतं आणि तसंच चाललं पाहिजे.

प्रोफाईलच्या आत काय ठेवायचं

अट पक्की झाली तरी आतला माल बघा. ऑफिसच्या प्रोफाईलमध्ये अख्खं नेटवर्क ट्रस्टेड करून टाकायची सवय असते, पण काऊंटरपुढं बसलेल्या गिऱ्हाईकाचा मोबाईलही त्याच वायफायवर असतो हे विसरू नका. राउटरमध्ये गेस्ट वायफाय चालू करून गिऱ्हाईकाला ते द्या, बहुतेक राउटरमध्ये ती सोय असते. आणि ट्रस्टेड पत्त्यांमध्ये फक्त ज्यांची गरज आहे तेवढेच टाका, दुसरा कॉम्प्युटर आणि नेटवर्क प्रिंटर. त्यासाठी राउटरमध्ये त्यांचे आयपी राखून ठेवा, नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ते बदलतात आणि प्रिंटर हरवतो. मोंढ्यातल्या आडत दुकानात टॅली दोन-तीन कॉम्प्युटरवर एकत्र चालवत असतील तर डेटाचा फोल्डर शेअरिंगवर असतो, म्हणजे पोर्ट ४४५, आणि टॅलीचं स्वतःचं पोर्ट साधारण ९००० असतं. नेटवर्क प्रिंटर ९१०० वर ऐकतो पण तिथं जोडणी आपल्याकडून जाते, म्हणून आपल्या बाजूला काही उघडावं लागत नाही. रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचं, ३३८९ मात्र वापरात नसेल तर ऑफिसातही बंदच ठेवा.

वायफायचं एन्क्रिप्शन, म्हणजे हवेतून जाणारी माहिती गुप्त करायची पद्धत, कमजोर असेल तर इशारा द्यायची एक खूण प्रोफाईलमध्ये असते, ती चालू ठेवा. राउटरवर डब्ल्यूपीए २ किंवा ३ च पाहिजे. डब्ल्यूईपी दिसलं तर आजच बदला, ते २००१ पासून फुटलेलं आहे.

तपासल्याशिवाय उठू नका

सेव्ह केलं म्हणजे झालं असं नाही. आधी ऑफिसच्या वायफायवर जोडा, प्रोग्रामच्या नेटवर्क कनेक्शन्सच्या पानावर जा, तिथं चालू जोडणीसमोर तुमच्या प्रोफाईलचं नाव दिसलं पाहिजे. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर फोल्डर उघडून बघा, एक प्रिंट काढा. मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जा, पब्लिक दिसलं पाहिजे, आणि त्याच हॉटस्पॉटवर दुसरा लॅपटॉप जोडून पहिल्याचा फोल्डर उघडायचा प्रयत्न करा, उघडता कामा नये.

आता खरी परीक्षा. मोबाईलच्या हॉटस्पॉटला तुमच्या दुकानाच्या वायफायचं नाव द्या, अगदी तेच, स्पेस आणि लहान-मोठी अक्षरं सुद्धा तीच. पासवर्डही तोच. राउटरचं बटण बंद करा. लॅपटॉप थोड्या वेळात न विचारता हॉटस्पॉटला जाऊन चिकटेल, खाली कोपऱ्यात तेच ओळखीचं नाव दिसेल, बघणाऱ्याला वाटेल दुकानाचंच वायफाय आहे. प्रोफाईल बघा. पब्लिक असेल तर तुमची अट पक्की आहे. तुमच्या ऑफिसचं प्रोफाईल लागलं असेल तर कुठंतरी नावाची अट शिल्लक आहे, नाहीतर विंडोज सांगेल तसं हा पर्याय चालू राहिलाय, ते शोधून काढा आणि परत हेच करा. झाल्यावर हॉटस्पॉटचं नाव आठवणीनं बदला. सेवा केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकानं ही एवढी परीक्षा तरी घ्यावीच असं मला मनापासून वाटतं, लोक आपल्यावर भरवसा ठेवून कागदं देऊन जातात.

लॅपटॉपचं झाकण उघडल्यावर प्रोफाईल लागायला थोडे क्षण जातात, तेवढ्यात प्रिंटर दिसला नाही म्हणून लगेच सेटिंगला हात घालू नका. सगळं जमलं की सेटिंगला पासवर्ड लावा म्हणजे दुसरं कुणी बदलणार नाही, आणि सेटिंग एक्सपोर्ट करून पेनड्राईव्हवर ठेवा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच इम्पोर्ट करता येतं.

राउटर बदलला तर

वीज पडली, व्होल्टेज वाढलं, राउटर जळाला, हे आपल्याकडं पावसाळ्यात होतंच. फायबरवाला येऊन नवीन लावून जातो, नाव आणि पासवर्ड तोच ठेवतो, इंटरनेट चालू होतं, पण प्रिंटर आणि शेअर फोल्डर बंद. कारण नव्या राउटरचा मॅक वेगळा आहे आणि अट आता जुळत नाही. विंडोजही वायरच्या जोडणीवर गेटवेचा मॅक बघूनच नेटवर्क ओळखतं, म्हणून तिथं एखादं वेळेस नेटवर्क २ असं नवीनच नाव दिसतं. ही बिघाडाची खूण नाही, अट बरोबर काम करायलीय. अशा वेळी ऑपरेटर फायरवॉल बंद करायला जातो, त्याला आधीच सांगून ठेवा. वर सांगितल्यासारखा पिंग आणि एआरपीनं नवा मॅक काढा, प्रोफाईलमध्ये जुन्याच्या जागी टाका, जुना काढून टाका, तसाच ठेवू नका, कारण तो जुना राउटर दुरुस्त होऊन उद्या कुणाच्या घरी लागेल ते सांगता येत नाही. मग नव्या राउटरमध्ये प्रिंटरचा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरचा आयपी परत राखून ठेवा, गेस्ट वायफाय परत चालू करा, आणि हॉटस्पॉटची परीक्षा परत घ्या.